हार्मोनवाली तांबी: तासगाव ते सांगली, एक वर्ष

माझी पहिली तांबी २०१९ सालची. थोरला दीड वर्षाचा झाला तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवून घेतली, एक रुपया लागला नाही. गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायचं साधन, तांब्याचं, म्हणून तांबी. तिनं तिचं काम चोख केलं, पण चार दिवसांची पाळी सात दिवसांची झाली आणि पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलायला लागायचं. तांब्याच्या तांबीनं पाळीत जास्त रक्त जाऊ शकतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा वाटायचं, माझ्याच अंगात काहीतरी बिघाड आहे, कुणाला सांगायचं? २०२१ मध्ये ती काढून घेतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये धाकटी झाली, सिझेरियननं.

तांबी काढली तरी पाळी काही पहिल्यासारखी झाली नाही. धाकटीनंतर तर गाठी पडायला लागल्या. मी तासगावात एका पतसंस्थेत काउंटरला बसते. महिन्यातले दोन-तीन दिवस गडद रंगाचेच ड्रेस घालायचे, खुर्चीवरून उठताना मागं वळून बघायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की याला त्रास म्हणतात हेच सुचलं नाही.

मग मे २०२४ मध्ये पाळी पुढं गेली. निरोधवर आमचं चाललं होतं, पण मधे एकदा चूक झाली होती. नवव्या दिवशी मेडिकलमधून गर्भतपासणीचं किट आणलं, साठ रुपये, सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी केली. एकच रेघ. तीन दिवसांनी पुन्हा केली. एकच रेघ. तेराव्या दिवशी, १६ तारखेला, पाळी आली आणि मी न्हाणीघराचं दार लावून रडले. तिसरं मूल आम्हाला नको होतं, आणि राहिल्यावर नको म्हणायची पाळी माझ्यावर यायला नको होती.

आमच्या भागातल्या आशाताईंना मी दुसऱ्या दिवशी गाठलं. त्यांनी ओट्यावर बसून सगळं नीट सांगितलं: माला-एनची गोळी रोज घ्यायची, छायाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांनी, तांबी आणि ऑपरेशन. सगळं सरकारी दवाखान्यात फुकट. मी हार्मोनवाल्या तांबीचं विचारलं. एका मैत्रिणीनं पुण्यात बसवून घेतली होती, तिच्याकडून नाव ऐकलं होतं. आशाताई म्हणाल्या, "वहिनी, ती आपल्या योजनेत नाही. ती बाहेरूनच बसवायला लागंल."

गावातच आधी एका दवाखान्यात गेले. तिथं मला तीन मिनिटं मिळाली. "दोन मुलं झालीत ना? मग ऑपरेशन करून टाका. कशाला खर्चात पडताय?" एवढ्यात आटोपलं. पाळीत किती रक्त जातं हे कुणी विचारलंच नाही. ऑपरेशनला माझा विरोध नाही, पण ऑपरेशननं पाळीतलं रक्त कमी होणार नव्हतं, आणि तेहतिसाव्या वर्षी कायमचं काही करायची माझी तयारी नव्हती. नवऱ्याच्या नसबंदीचा विषयही मी घरी काढला. तो दोन दिवस गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मला भ्या वाटतं." मला राग आला होता. थोडा अजून आहे. पण त्यानंतर सांगलीच्या प्रत्येक फेरीला तो बरोबर आला, हेही इथं लिहायला हवं.

सांगलीची पहिली फेरी

२७ मे, सोमवार. विश्रामबागमधला दवाखाना, वेळ अकराची, नंबर लागला पावणेदोनला. केस पेपर आणि तपासणी मिळून ५०० रुपये. जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या. मी अंदाजानं सांगायला लागले तर डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मोबाईलमधला कॅलेंडर उघडायला लावला.

त्यांनी बरंच विचारलं. दिवसाला किती पॅड, गाठी केवढ्या, डोकं दुखताना डोळ्यांपुढं लखलखतं का, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, कावीळ किंवा लिव्हरचा आजार, अंगावरून घाण वासाचं पाणी जातं का. मग म्हणाल्या, "तुम्हाला दोन प्रश्न आहेत, मूल नको आणि रक्त जास्त जातंय. या साधनानं दोन्ही सुटू शकतील. पण आधी गर्भाशय बघू."

साधनाबद्दल त्या दिवशी कळलं ते असं. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा मऊ प्लॅस्टिकचा तुकडा, आडवा-उभा साधारण ३२ मिलिमीटर. उभ्या दांडीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन ५२ मिलिग्रॅम भरलेलं असतं आणि ते गर्भाशयात थोडं थोडं सुटत राहतं, सुरुवातीला दिवसाला साधारण २० मायक्रोग्रॅम. माला-एनच्या एका गोळीत हेच हार्मोन १५० मायक्रोग्रॅम असतं, शिवाय दुसरं एक हार्मोन असतं ते वेगळंच. गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्राव घट्ट होतो, शुक्राणू आत जाऊ शकत नाहीत, आणि आतलं अस्तर पातळ राहतं म्हणून रक्त कमी जातं. हजार बायकांत पहिल्या वर्षी साधारण दोघींना गर्भ राहतो. तांब्याच्या तांबीत साधारण आठ, बायकांच्या ऑपरेशनमध्ये पाच. हा आकडा ऐकून मी पुन्हा विचारलं. ऑपरेशन म्हणजे शंभर टक्के, हेच मी आजवर ऐकत आले होते. आणि हे साधन नवीनही नाही. १९९० मध्ये फिनलंडमध्ये पहिल्यांदा आलं, म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठं.

धोकेही त्यांनी आपणहून सांगितले. वीसात साधारण एकीची तांबी आपोआप बाहेर येते. हजारात एक-दोघींच्या बाबतीत बसवताना गर्भाशयाला छिद्र पडू शकतं, आणि मूल अंगावर पीत असेल तर हा धोका वाढतो. धाकटीचं पिणं फेब्रुवारीत सुटलं होतं, ते मी सांगितलं. गुप्तरोगांपासून संरक्षण मिळत नाही. गर्भ राहिलाच तर तो नळीत असू शकतो, म्हणून लगेच दाखवायचं.

त्याच दिवशी पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, घेतला (७००), रक्त दिलं (हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मिळून ६००). सोनोग्राफी शेजारच्या सेंटरला, १,००० रुपये. तिथं लघवी तुंबलेली लागते. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं लिटरभर पाणी पिऊन बाकावर पाऊण तास बसले. समोर गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे, असा मोठा फलक. आधार कार्डही मागितलं. बरोबर पाण्याची बाटली आणि आधार असू द्या, आणि दवाखान्यातून निघतानाच पाणी प्यायला सुरुवात करा.

महिना हातातून गेला

१० जूनला रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो, ३०० रुपये. पॅप स्मिअर चांगला. गर्भाशयाच्या भिंतीत दीड सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे कॅन्सरची नसलेली, गाठ, पण आतल्या पोकळीला ढकलत नव्हती, त्यामुळं अडचण नव्हती. हिमोग्लोबिन ९.४. तो आकडा बघून मला आश्चर्य वाटलं नाही, वाईट वाटलं. जिना चढताना धाप लागते म्हणून मी स्वतःलाच आळशी म्हणत होते.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मॅडमनी सांगितलं, पाळी आली की पहिल्याच दिवशी फोन करा, सात दिवसांच्या आत बसवू. तेव्हा गर्भ नसल्याची खात्री असते आणि बसवल्यापासूनच संरक्षण सुरू होतं. नंतरही बसवता येते, पण मग गर्भ नसल्याची खात्री करून घ्यायला लागते आणि पुढं सात दिवस निरोध वापरायला लागतो.

१४ जूनला पाळी आली, फोन केला, आणि इथं गाडी अडली. ही तांबी दवाखान्यात ठेवलेली नसते. चिठ्ठी घेऊन मेडिकलला द्यायची, ते मागवतात, त्यांना तीन दिवस लागतात. त्यात मॅडम १७ ते २३ बाहेरगावी. म्हणजे तो महिना गेला. माझी हीच चूक तुम्ही करू नका: रिपोर्ट चांगले आले की त्याच दिवशी चिठ्ठी घेऊन तांबी मागवून ठेवा. खोक्यावरची मुदत बघा, सील बघा, पक्की पावती घ्या.

मॅडमनी दोन पर्याय दिले होते. मिरेना हे बायर या जर्मन कंपनीचं, मेडिकलवाल्यांनी त्याची किंमत आठ हजारांच्या वर सांगितली. दुसरी देशी कंपनीची, तीही ५२ मिलिग्रॅमचीच. मी देशी घेतली, ३,४०० रुपये. दोन्हींची मुदत मला पाच वर्षं सांगितली.

आमची कुटुंबाची मेडिक्लेम आहे. जास्त रक्तस्रावावरचा उपचार म्हणून काही मिळेल का, असं मी ई-मेलनं विचारलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: पॉलिसीतली वगळलेली बाब क्रमांक १७, कुठल्याही प्रकारचं गर्भनिरोधन. आणि दवाखान्यात भरती न होता झालेला खर्च आमच्या पॉलिसीत बसतच नाही. तुमच्या पुस्तिकेतलं ते पान आधी वाचून घ्या, माझे नऊ दिवस आशेवर गेले.

घरातलं बोलणं

याच दिवसांत आत्यांना सांगितलं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्या म्हणाल्या, "पाळी बंद व्हती म्हणं त्यानं. मग ती घाण जाती कुठं? आतच साठती की."

ही भीती मलाही होती, मी मॅडमना विचारलं होतं. अस्तर वाढतच नाही, त्यामुळं पडायला काही नसतं, साठायला काही नसतं. पण आत्यांना हे पटलं ते माझ्यामुळं नाही. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. नवरा म्हणाला, "आई, आपण जीएचं डिपिंग करतो तवा काय करतो? मगात द्रावण घिऊन एकेक घड बुडवतो. सगळ्या येलीला देतो का? ह्ये तसंच हाय. जिथं पायजे तिथंच, आन् लई थोडं." जीए हे सुद्धा हार्मोनच, वेलीचं. आत्यांनी चाळीस वर्षं घड बुडवलेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "माझं आपरेशन चोविसाव्या वर्षी झालं. क्यांपात. गाडीत बसवून न्हेलं, संध्याकाळी आणून सोडलं. कुणी इचारलं न्हाई मला, तुला काय पायजे म्हून." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

१५ जुलै

११ जुलैला, गुरुवारी, पाळी आली. सोमवारी म्हणजे पाचव्या दिवशीची वेळ मिळाली. तासगाव ते सांगली साधारण पंचवीस किलोमीटर, एरवी आम्ही मोटारसायकलवरून जातो, मी एकटी असले तर एसटीनं अर्ध्या तिकिटात. त्या दिवशी नवऱ्यानं मित्राची चारचाकी मागून आणली. हे फार बरं झालं. येताना दुचाकीवर बसणं मला जमलं नसतं.

सकाळी पोटभर जेवून निघाले. उपाशी जाऊ नका. एक तास आधी दुखण्यावरची मेफ्टालची गोळी घेतली, ती मॅडमनीच सांगितली होती. साडी नेसून गेले, सलवार काढण्या-घालण्यापेक्षा ती सोयीची. पिशवीत दोन पॅड, एक जादा निकर, गुळाचा खडा.

काउंटरवर फॉर्म दिला. माझं नाव, वय, धोके समजले आहेत, आणि खाली दोन रेघा: रुग्णाची सही, पतीची सही. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "मिस्टरांची सही लागेल." नवरा बाहेर गाडी लावत होता, तो येऊन सही करूनही गेला असता. पण मला ते खटकलं. शरीर माझं, पैसे मी माझ्या पगारातून भरत होते, आणि एखादी बाई एकटी आली असती तर तिला परत पाठवलं असतं का? मी आत जाऊन मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "कायद्यानं लागत नाही. ऑपरेशनच्या सरकारी नियमातसुद्धा जोडीदाराची संमती सक्तीची नाही. जुना फॉर्म आहे तो." त्यांनी ती रेघ पेनानं खोडली. मी वरच्या रेघेवर पूर्ण नाव लिहून सही केली. तुमच्यापुढं असा फॉर्म आला तर विचारा. आवाज चढवायला लागत नाही, नुसतं विचारायचं.

बीपी बघितलं, लघवीची गर्भतपासणी पुन्हा केली, लघवी करून यायला सांगितलं. मग टेबल.

आता दुखण्याबद्दल खरं ते सांगते, कारण मला दोन टोकांचं ऐकायला मिळालं होतं. एकीनं "काहीच कळत नाही" सांगितलं होतं, दुसरीनं "बाळंतपणापेक्षा वाईट". आधी स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून लावायचं साधन, घालतात, ते गार लागतं, अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही. मग औषधानं आतून पुसून घेतात. त्यानंतर गर्भाशयाचं तोंड चिमट्यानं धरतात, तेव्हा एक कचकन चिमटा बसतो. पुढं बारीक सळई घालून गर्भाशयाची खोली मोजतात. माझी साडेसात सेंटिमीटर. ही मोजणी आणि त्यानंतर नळीतून तांबी आत सोडणं, या दोन गोष्टी खऱ्या दुखल्या. ओटीपोटात खोलवर, पाळीच्या सगळ्यात वाईट दिवसाची कळ एका जागी गोळा होऊन यावी तशी. दोन्ही मिळून दीड-दोन मिनिटं असतील. मॅडम प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या, "आता खोकला काढा", "आता लांब श्वास सोडा". सिस्टरनी माझा हात धरला होता. मी त्यांना थांबा म्हणाले असते तर त्या थांबल्या असत्या, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि त्या सांगण्याचा मला फार आधार झाला.

तांबीच्या खालच्या टोकाचे दोरे कापले, झालं. टेबलावर जाऊन सहा-सात मिनिटं. उठून बसले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली, घाम फुटला, मळमळलं. सिस्टरनी परत आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. गर्भाशयाच्या तोंडाला धक्का लागला की काही जणींचं असं बीपी उतरतं, म्हणाल्या. पंधरा मिनिटांत ठीक झाले. गूळ खाल्ला, पाणी प्यायले. अर्धा तास पडून राहिले.

बसवण्याचे ३,५०० रुपये घेतले. एक कार्ड मिळालं: साधनाचं नाव, बॅच नंबर, बसवल्याची तारीख, काढायची तारीख. त्याचा फोटो काढून नवऱ्याला आणि बहिणीला पाठवून ठेवला. ताप, असह्य पोटदुखी, वास येणारा स्राव, भरपूर रक्त यातलं काही झालं तर लगेच या, पहिले तीन आठवडे जास्त जपा, असं बजावून सांगितलं. दोन-तीन दिवस संबंध नकोत.

मंगळवारी रजा टाकली होती, बुधवारी आषाढी एकादशी आणि मोहरमची सुट्टी. दोन दिवस गरम पाण्याची पिशवी पोटावर घेऊन पडले, मेफ्टाल दिवसातून दोनदा. आत्यांनी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खोलीत आणून दिली. गुरुवारी कामावर गेले.

कालनिर्णयवरचे ठिपके

तांबी बसवणं एका दुपारचं काम होतं. मला जड गेले ते पुढचे चार महिने, आणि जी जी बाई तांबी काढून टाकायला निघते तिला मी हाच भाग आधी वाच म्हणेन.

रोज थोडं थोडं रक्त. पाळीसारखं नाही, तपकिरी डाग, कधी लाल. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी लाल पेनानं ठिपके द्यायला लागले. पहिल्या तीस दिवसांत तेवीस ठिपके. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत एकोणीस. पुढच्या महिन्यात सतरा. हनुवटीवर मोठे मोठे फोड आले, जे कॉलेजातही कधी आले नव्हते. कमी रक्त जावं म्हणून एवढं केलं आणि आता रोजच पॅड, या विचारानं मी दोन वेळा मॅडमचा नंबर काढला होता, काढून टाका म्हणायला. एकदा जावेनं फोनवर विचारलं, "तुला त्रास व्हतोय तर ठिवलीस कशाला?" तेव्हा उत्तर नव्हतं.

३० ऑगस्टला तपासणी होती, ३०० रुपये. तांबी जागेवर, दोरे दिसत होते. मॅडमनी कालनिर्णयचं फाडून नेलेलं पान बघितलं आणि म्हणाल्या, "डाग किती दिवस पडले ते मोजलंत, आता पॅड किती लागले तेही मोजा." घरी येऊन हिशोब केला. आधी एका पाळीत पंचवीसेक पॅड जायचे. आता महिनाभरात अकरा पातळ पॅड, तेही पूर्ण न भरलेले. दिवस वाढले होते, रक्त कमी झालं होतं. अस्तर पातळ व्हायला तीन ते सहा महिने लागतात, तोपर्यंत असे डाग पडतात.

त्यात गणपती आले. ७ सप्टेंबरला चतुर्थी, ८ ला ऋषिपंचमी. तासगावात त्याच दिवशी गणपतीचा रथ निघतो, सात मजली गोपुरापासून, आणि माणसं तो दोरानं ओढतात. माझ्या लहानपणापासून तो मी एकदाही चुकवलेला नाही. आणि ऋषिपंचमीचा उपवास आत्या करतात, बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, पाळीत कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून. आमच्या घरी पाळीत देवघरात जायचं नाही एवढं अजून आहे. पण चार दिवसांचं बाहेर बसणं वेगळं, तेवीस दिवसांचं काय करायचं? मी आत्यांना सरळ विचारलं. "आत्या, हे औषधाचं रक्त आहे. पाळी नाही. महिनाभर मी देवाला हात लावायचा नाही का?" त्या बराच वेळ ऋषीची भाजी निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "जा. रथ बघून ये. दोराला हात लाव." मी लेकीला कडेवर घेऊन गेले. गुलालानं तिचे केस अजून दोन दिवस गुलाबी होते.

ही अडचण डॉक्टरांच्या यादीत नसते, पण आपल्याकडच्या घरात ती आहे. सणावाराच्या तोंडावर बसवायची असेल तर घरात आधी बोलून ठेवलेलं बरं.

दोरे सापडेनात

महिन्यातून एकदा स्वच्छ हात धुऊन, उकिडवं बसून, बोटानं दोरे लागतात का बघायचं. सप्टेंबरमध्ये लागले होते, मासे धरायच्या दोऱ्यासारखे, दोन बारीक. दसऱ्यानंतर, १३ ऑक्टोबरला, काहीच लागेना. दोनदा, तीनदा बघितलं. रात्री झोप नाही: पडली असेल का, आत कुठं शिरली असेल का. सकाळी फोन केला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोनोग्राफी होईपर्यंत निरोध वापरा, आणि आजच या."

तपासणी ३००, सोनोग्राफी १,०००. तांबी जिथं होती तिथंच होती, दोरे वळून वर गेले होते. डाव्या अंडाशयात तीन सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसली, तिनं पुन्हा जीव टांगला. या तांबीत अशा साध्या गाठी होतात आणि बहुतेक आपोआप जातात, तीन महिन्यांनी बघू, म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या मध्यानंतरच्या महिन्यात ठिपके नऊ. त्यापुढं सहा. मग दोन. लक्ष्मीपूजनाला मी पांढरी पैठणी नेसले होते. गेल्या पाच वर्षांत मी पांढरं काही नेसले नव्हते, हे घडी मोडताना लक्षात आलं.

२० जानेवारी २०२५ ला पुन्हा रक्त तपासलं, तपासणी धरून ५५० रुपये. हिमोग्लोबिन १२.१. ती पाण्याची गाठ मॅडमनी त्यांच्याच मशीनवर बघितली, गेलेली होती. फोड डिसेंबरातच कमी झाले होते. वजन सव्वा किलो वाढलं, पण ते तांबीनं की दिवाळीनं मी सांगू शकत नाही. जानेवारीपासून मला पाळी नाही, मधे कधीतरी एखादा डाग. वर्षभरात साधारण पाचात एकीची पाळी अशी थांबते, बाकीच्यांची कमी होते. तांबी काढली की ती परत येते आणि दिवसही राहू शकतात. पाळी नाही म्हणून पहिल्या दोन महिन्यांत मी किट आणून तपासत होते. मॅडम म्हणाल्या, शंका आली तर खुशाल तपासा.

मे २०२४ पासूनचा सगळा खर्च, लोहाच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांचे ६४० धरून, १२,७९० रुपये झाला. प्रवास आणि गर्भतपासणीचे किट वेगळे. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी ही तांबी सरकारी दवाखान्यात यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. माझ्यासारखं रक्त जाणाऱ्या बायका बागेत कामाला येतात, मी त्यांना बघते. त्यांना फुकट मिळते ती तांब्याची, आणि तिनं त्यांचं रक्त आणखी जाऊ शकतं.

कार्ड कपाटात साडीच्या घडीत आहे. काढायची तारीख जुलै २०२९. त्याआधी कधी काढावीशी वाटली तर काढता येते, त्यालाही कुणाची सही लागत नाही.

मागच्या आठवड्यात जावेचा पलूसवरून फोन आला. तिची तिसरी पाळी आहे अशी, पंधरा-पंधरा दिवस. तिनं तारखा लिहून ठेवल्यात. सोमवारी मी तिच्याबरोबर सांगलीला जाते आहे. पाण्याची बाटली घेतली आहे, दवाखान्यातून निघतानाच तिला प्यायला लावणार.